भाव पडला, की नशीब?

कांद्याचा भाव कोसळला की शिरूर-दौंडच्या बाजारात दोन तऱ्हेचं बोलणं कानावर पडू शकतं. एक म्हणतो, ‘आपलं नशीबच फुटकं; शेतीत काही राहिलं नाही.’ दुसरा म्हणतो, ‘यंदा आवक वाढली, पुढच्या खेपेला थोडा माल चाळीत ठेवू.’ तोटा सारखाच, कारणमीमांसा वेगळी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या मते निराशावाद या कारणमीमांसेतच असतो. निराश मन संकट कायमचं मानतं, एका अपयशाची छाया सगळ्या आयुष्यावर पाडतं आणि दोष स्वतःकडे घेतं.

१९६७मध्ये सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांच्या प्रयोगात न टाळता येणारे विजेचे झटके सोसलेली बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट असूनही जागची हलली नाहीत. असहायता शिकली जाते, असा निष्कर्ष निघाला. २०१६मध्ये दोघांनीच तो उलटा केला : दीर्घ त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया, शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काही आहे’ हे.

शिकायचं कसं? घटना, मनात आलेला विचार आणि त्याचा परिणाम वहीत लिहा. मग विचाराची उलटतपासणी करा : पुरावा काय? दुसरं कारण असेल का? आज काय करता येईल?

अर्थात भाव नुसत्या विचारांनी वाढत नाही, आणि कर्ज काढताना थोडी शंका असलेली बरी. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर मात्र डॉक्टरांना भेटा किंवा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.