विश्लेषण : चौकातील झगमगत्या पाट्यांवर अंकुश कोणाचा?

दुकानाच्या दर्शनी भागावर व्यवसायाची साधी रंगवलेली पाटी लावण्यासाठी मुंबईत महापालिकेचा जाहिरात परवाना लागत नाही. त्याच पाटीत दिवे बसवले की तो लागतो. सिग्नलजवळच्या दुकानांबाबत हा फरक केवळ शुल्कापुरता राहत नाही, तो रस्ता ओलांडणाऱ्यांच्या सुरक्षिततेशी जोडलेला आहे.

कायदा काय सांगतो?

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३२८अ नुसार जाहिरात फलकासाठी आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक आहे. त्या जागेत चालणाऱ्या व्यवसायाच्या पाटीला यातून सूट आहे. मात्र ती पाटी प्रकाशित नसावी आणि आकाशचिन्ह, म्हणजे इमारतीच्या वर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक, नसावी, अशी अट आहे. राज्यातील इतर महापालिकांसाठी १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २४४ आणि २४५ याच विषयाची आहेत.

चौकातच धोका अधिक का?

चौकात चालकाला सिग्नल, आडवी येणारी वाहने आणि पादचारी यांवर एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाते. नजर दोन सेकंद पाटीवर खिळली तर २२ मीटर अंतर न पाहताच कापले जाते. सिग्नलच्या मागे लाल-हिरवी पाटी असेल तर सिग्नलचा दिवा तिच्या रंगात हरवतो. पावसाळ्यात गाडीची काच आणि ओला रस्ता प्रकाश आणखी पसरवतात. वयोमानाने डोळ्यातील भिंग धूसर झालेल्या चालकांना याचा त्रास अधिक होतो.

अंतराचे निकष कोणते?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या रस्त्यालगतच्या जाहिरातींविषयीच्या धोरणानुसार चौकापासून १०० मीटरच्या आत जाहिरात नसावी. शहरी भागात हे अंतर ५० मीटरपर्यंत कमी करता येते. डोळे दिपवणारा, तसेच लाल, निळा किंवा हिरवा लुकलुकणारा प्रकाशही आक्षेपार्ह मानला आहे. मात्र हे धोरण मार्गदर्शक आहे. शिवाय होर्डिंग दुसरीकडे हलवता येते, कोपऱ्यावरचे दुकान ५० मीटर मागे नेता येत नाही. त्यामुळे दुकानांच्या पाट्यांबाबत अंतरापेक्षा प्रकाशाचा रंग, तीव्रता, दिशा आणि लुकलुकणे यांवरच बंधने हवीत.

पोलिसांना अधिकार आहेत का?

आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११६ नुसार, वाहतूक चिन्ह झाकणारा, त्याच्याशी साम्य असल्याने दिशाभूल करणारा किंवा चालकाचे लक्ष विचलित करू शकणारा फलक हटवण्याचा अधिकार राज्य सरकार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला देऊ शकते. म्हणजे परवाना देणारी यंत्रणा एक आणि रस्त्यावरचा धोका पाहणारी दुसरी.

मग अडते कुठे?

परवाना एकेका पाटीला मिळतो, चालकाला मात्र चौकातील सगळ्या पाट्या एकदम दिसतात. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे होर्डिंग कोसळून १७ जणांचा बळी गेल्यानंतर फलकांचा आकार आणि मजबुती यांवर चर्चा झाली. प्रकाशाचा मुद्दा तुलनेने मागे राहिला. वास्तविक परवाना हे प्रभावी साधन आहे. मराठी पाट्या न लावणाऱ्या दुकानांचे प्रकाशित फलकांचे परवाने रद्द करण्याचा इशारा मुंबई महापालिकेने एप्रिल २०२४ मध्ये दिला होता. तेच साधन सिग्नल झाकोळणाऱ्या पाट्यांसाठीही वापरता येईल.

दुकानदारांनी काय करावे?

रात्री थांबरेषेवरून पाहावे. सिग्नलआधी पाटीच नजरेत भरत असेल तर प्रकाश मंद करावा. लुकलुकणारे दिवे काढून एकसारखा पांढरा प्रकाश ठेवावा आणि दुकान बंद होताना पाटीही बंद करावी. यात ग्राहक तुटत नाही, वीजबिल मात्र कमी होते.