उघडलेले इंजिन : कोणता भाग बदलावा, कोणता राखावा?



भाताची लावणी उरकली आणि पाऊस लागून राहिला, की आपल्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या वाड्यांतले पाण्याचे इंजिन तीन-चार महिने विसावते. मोठे काम काढायचे तर हेच दिवस. पण बहुतेक इंजिने उघडली जातात ती एप्रिलात, बंद पडल्यावर. मार्च ते मे या दिवसांत पोफळीला दर तीन ते पाच दिवसांनी पाणी हवे. तिची मुळे वरच्या थरात असतात, त्यामुळे पाण्याच्या दोन-तीन पाळ्या चुकल्या की झावळ्या पिवळ्या पडू लागतात, कोवळे फळ गळते. रहाट होता तेव्हा माळ तुटली तर संध्याकाळपर्यंत जोडून होत असे. इंजिनाचे तसे नाही. भाग मिळेपर्यंत वाडी तहानलेली, आणि अशा घाईत फिटर म्हणेल ते आपण कबूल करतो.

वीज आली तशी इंजिने कमी झाली हे खरे. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या किनाऱ्यावर कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी विहिरीचे पाणी वर काढायला चालू स्थितीतले इंजिनच कामी येते. म्हणून ज्यांच्याकडे इंजिन आहे त्यांनी ते नीट राखावे.

आता मूळ प्रश्न. इंजिन उघडून फिटरने भाग गोणपाटावर मांडले, सगळेच थोडेफार झिजलेले. बदलायचे काय?

यात दोन चुका नेहमी होतात. रेवदंड्याकडच्या एका बागायतदाराने पैसे वाचावेत म्हणून नुसत्या रिंगा नव्या घातल्या. लायनर जुनाच ठेवला. महिन्याच्या आत रिंग तुटली, तिच्या तुकड्यांनी लायनर आणि पिस्टन दोन्ही ओरबाडले आणि ऐन मे महिन्यात दुप्पट खर्च झाला. दुसऱ्या एकाने उलट केले. इंजिन काळा धूर टाकते म्हणून पिस्टन, लायनर, क्रँकची बेअरिंगे सगळे नवे घातले. इंजिन बांधले, चालू केले, तर धूर तसाच! दोष होता नोझलमध्ये. एकाने न मोजता वाचवले, दुसऱ्याने न मोजता खर्च केला.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी धूर पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. एअर फिल्टर तुंबला असेल, नोझल फवारा न मारता थेंब सोडत असेल किंवा इंजिनावर भार जास्त होत असेल. यासाठी पिस्टन काढायची गरज नाही. निळा धूर आणि ऑइल वारंवार कमी होणे, हे मात्र रिंगा-लायनरचे लक्षण. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर नोझल, कमी झालेले कॉम्प्रेशन किंवा आत शिरणारे पाणी, यांपैकी काहीतरी आहे.

कॉम्प्रेशन कमी वाटते, पण ते रिंगांतून जाते की व्हॉल्व्हमधून? डिझेल पूर्ण बंद करा. हवा आत जायच्या वाटेने चहाचा एकच चमचा इंजिन ऑइल सोडा आणि हँडलने इंजिन हाताने फिरवा. दाब लगेच वाढलेला जाणवला तर दोष रिंगा-लायनरचा. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे गॅस्केट पाहा. चमच्याहून जास्त ऑइल घालू नका आणि ही तपासणी करताना इंजिन सुरू करू नका.

लायनरची झीज डोळ्यांना दिसत नाही, बोटाला थोडी कळते. वरच्या टोकापाशी, जिथे वरची रिंग येऊन उलटते, तिथे झीज सर्वांत जास्त असते आणि तिच्यावर न झिजलेल्या भागाची एक कड उरते. नख खालून वर नेले तर ते या कडेला अडकते. जुनी रिंग त्या कडेबरोबर झिजत आलेली असते. नव्या रिंगेची धार चौकोनी, ती कडेवर आपटते आणि तुटते. रेवदंड्याच्या बागायतदाराचे हेच झाले.

किती झीज झाली हे मोजायला मोठे यंत्र नको. एक नवी रिंग आणि फिलर गेज पुरे. रिंग लायनरच्या अगदी खालच्या भागात, जिथे रिंगा कधी घासत नाहीत, तिथे बसवा. उलट्या धरलेल्या पिस्टनने ढकलली म्हणजे ती तिरपी राहत नाही. तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग वरच्या कडेच्या लगेच खाली बसवून फट पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक ३.१४ ने भागा. येईल ती व्यासातली झीज. समजा खाली ०.३५ मिलिमीटर आणि वर ०.९८ मिलिमीटर फट आली. फरक ०.६३, भागिले ३.१४, म्हणजे झीज ०.२ मिलिमीटर. किर्लोस्करच्या एव्ही-१ या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा असतो. एवढ्या सिलिंडरला ०.२ पर्यंत झीज गेली की नव्या रिंगांनी भागत नाही, असे ढोबळमानाने समजा. इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण. झीज याच्या निम्म्याहून कमी आणि लायनरला ओरखडे नाहीत, तर वरची कड काढून, लायनर घासून खरखरीत करून नव्या रिंगा खुशाल घाला. मधल्या अवस्थेत माझे मत विचाराल, तर पावसाळ्यात इंजिन उघडले आहे आणि पुढे सहा महिने रोज चालवायचे आहे, म्हणून लायनर बदलावा.

लायनर बदलला की पिस्टन आणि रिंगाही नव्या. हे भाग एकमेकांवर घासून एकमेकांचे झालेले असतात. नव्याची जुन्याशी गाठ घातली की नवा भाग लवकर जातो.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी घाटावरच्या फिटरला सहसा सुचत नाही. पुष्कळ विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि पंपाचे तेच पाणी इंजिन थंड करायला फिरते. लायनर आतून मापात असला तरी बाहेरून गंजाने खड्डे पडलेले असतात. लायनर काढला की बाहेरून खरवडून, टोकदार खिळ्याने खड्डे टोचून पाहा. खोल खड्डे असतील तर आतले माप कितीही चांगले असो, तो पुन्हा घालू नका. खालच्या रबरी रिंगा तर दर वेळी नव्याच. त्या कुजल्या की पाणी ऑइलमध्ये उतरते, ऑइल ताकासारखे पांढरे होते आणि मग बेअरिंगांचे काही खरे नाही. मचूळ पाणी वापरणाऱ्यांनी इंजिन महिनोन्‌महिने ठेवण्यापूर्वी गोडे पाणी फिरवून सगळे पाणी काढून टाकावे.

फिटर विचारतो, “हाफ इंजिन करू की फुल?” हाफ म्हणजे वरचे काम, फुल म्हणजे क्रँकसकट. याचे उत्तर बेअरिंग देते. बेअरिंगच्या आतला करडा थर सारखा असेल, क्रँकवर नख अडकत नसेल आणि पूर्वी ऑइलचा दाब बरोबर असेल तर क्रँकला हात लावू नका. थर जाऊन तांबूस रंग दिसू लागला तर बेअरिंग बदला. क्रँकवर चरे असतील, किंवा मायक्रोमीटरने आडवे-उभे मोजल्यावर तो अंडाकार निघाला, तर वर्कशॉपमध्ये ग्राइंड करून घ्यावा आणि त्याच मापाची, म्हणजे ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी मापाची बेअरिंगे घालावीत. चरे पडलेल्या क्रँकवर नवी बेअरिंगे चढवणे म्हणजे पैसे विहिरीत टाकणे.

हेडचे गॅस्केट, ऑइल सील आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट यांवर वाद घालू नका, नवे घाला. बोल्टची किंमत क्षुल्लक, पण तो तुटला तर रॉड इंजिनाची कूस फोडून बाहेर येतो. तांब्याचे वॉशर मात्र लाल तापवून पाण्यात बुडवले की मऊ होऊन पुन्हा चालतात. व्हॉल्व्ह घासून बसवा आणि वर रॉकेल ओतून पाहा. झिरपले नाही तर नवे कशाला?

काही जण मोटारसायकलचे विचारतात. तत्त्व तेच. फोरस्ट्रोक गाडी फक्त सकाळी सुरू करताना निळा धूर टाकून थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात, तेवढेच बदला. दिवसभर टाकत असेल तर सिलिंडर मोजा. तो बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मोठ्या मापाचा पिस्टन बसतो. जुन्या टूस्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, तिथे धुरावरून निदान करू नये.

खर्चाचा हिशेब असा धरा. पाच अश्वशक्तीचे निरोगी इंजिन पूर्ण भारावर तासाला एक ते सव्वा लिटर डिझेल घेते. ते पाव लिटर जास्त खात असेल आणि रोज चार तास, दीडशे दिवस चालत असेल, तर हंगामाला १५० लिटर डिझेल फुकट जाते. ही रक्कम एका बाजूला आणि भागांची किंमत दुसऱ्या बाजूला ठेवून ठरवा.

काढलेले सगळे जुने भाग फिटरकडून मागून घ्या. बांधलेले इंजिन पहिले काही तास डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा मिटून हलक्या भारावर चालवा आणि पहिले ऑइल पुस्तकात सांगितल्यापेक्षा लवकर बदला. रिंगेच्या फटीचे दोन्ही आकडे, क्रँकचे माप आणि तारीख इंजिनघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. पुढच्या खेपेला दुसरा फिटर आला तरी तो तिथूनच सुरुवात करील.