ओळ कुठं मोडली?

सोलापूर–धुळे महामार्गावरचं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. दिवाळीआधी इथं रस्त्याकडेला गाड्या थांबतात त्या फटाक्यांच्या खरेदीसाठी. वाशी तालुक्यातल्या याच गावात बसून आम्ही दोघं-तिघं कथा-कवितेचं एक छोटं त्रैमासिक काढतो. पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, तिकडं मजकूर मिळतो का? भरपूर मिळतो. कळंब, भूम, परंडा, बार्शी, केज या टापूत लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत. लिहिलेलं नीट वाचून उत्तर देणारी मात्र फार थोडी. म्हणून मजकूर आला की त्याला उत्तर द्यायचं, हे आमचं पहिलं काम.

कविता आता व्हॉट्सॲपवर येते. मोबाइलच्या पडद्याची कड आली की पुष्कळ जण ओळ तिथंच तोडतात. मग कवीनं मोडलेली ओळ कोणती आणि पडदा संपला म्हणून मोडलेली कोणती, हे कागदावर घेताना कळत नाही. अशा वेळी फोन करून कवीलाच कविता वाचायला सांगतो. तो कुठं थांबतो, कुठं एका दमात पुढं जातो, ते ऐकत पेन्सिलीनं खुणा करतो. वाचता वाचता एखादा स्वतःच म्हणतो, ‘सर, मधलं कडवं नकोच. बाकीचं राहू द्या.’ आम्ही सुचवलं असतं तर कदाचित त्याला लागलं असतं. मोठ्यानं वाचल्यावर त्याचं त्यालाच ते कळतं.

‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत. ते मासिक 1982 मध्ये बंद झालं, तरी त्या पत्रांविषयी अजून बोललं जातं. माझ्या मनात मात्र गंगाधर पानतावणे यांचं काम अधिक मोठं आहे. त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक जवळपास अर्धशतक चालवलं आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरवले. ज्यांच्या घरात आधी कुणी लिहिलं नव्हतं, अशा कितीतरी जणांचं लेखन त्यामुळे छापून आलं. धुळ्यात पुरुषोत्तम पाटील यांनी 1985 पासून ‘कवितारती’ काढलं, तेही निव्वळ कविता आणि काव्यविचाराला वाहिलेलं. पुण्या-मुंबईबाहेर राहून हे करता येतं, याचा दाखला आम्हाला या दोघांकडून मिळाला.

निवड झाली की प्रुफं. काहींचा मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते, ‘दुसऱ्या’मधला र मोडतो. या चुका डोळ्यांना लगेच दिसतात. बोलीच्या बाबतीत तसं होत नाही. ‘हिकडं’, ‘कवा’, ‘आन्’ हे शब्द मजकूर जुळवणारा चांगल्या हेतूनंच ‘इकडे’, ‘केव्हा’, ‘आणि’ करून टाकतो. वाक्य शुद्ध दिसतं, पण बोलणारी बाई त्यातून निघून जाते. कधी कवीच एका ओळीत ‘कवा’ आणि चौथ्या ओळीत ‘केव्हा’ लिहितो. मग विचारावं लागतं, बोलणारं माणूस बदललंय का? ‘हो’ म्हणाला तर तसंच ठेवतो.

छपाईला बार्शी गाठतो. 16 पानांचा एक फर्मा, 96 पानांचे 6. 98 पानं भरली की दोन पानांचा मजकूर पुढच्या अंकात जातो, आणि ज्याचा जातो त्याला आधी कळवायचं, हा आमचा नेम. ऑफसेटला प्लेटा करण्याचा आणि मशीन लावण्याचा खर्च 300 प्रतींना जेवढा, तेवढाच 1000 प्रतींना. त्यामुळे थोड्या प्रती काढणाऱ्याला एकेक प्रत महाग पडते.

त्यापेक्षा टपालाचं ओझं मोठं. 1898च्या टपाल कायद्यात वृत्तपत्रांच्या सवलतीला अटी होत्या: मजकूर मुख्यतः बातम्यांचा किंवा चालू विषयांचा हवा आणि दोन अंकांत 31 दिवसांहून जास्त अंतर नको. कवितेचं त्रैमासिक यातल्या एकाही अटीत बसत नव्हतं. छापील पुस्तकं स्वस्तात नोंदणीनं पाठवण्याची सोय होती, ती डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात मिसळलं. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो 3 ऑक्टोबर 2024 रोजी. भाषेचा मान वाढला, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत तिची पुस्तकं खेड्यात पोचवणं महागलं. हे मला फार खुपतं.

वर्गणी आता यूपीआयनं येते. मनिऑर्डरच्या फॉर्मवर निरोपाला जागा असायची आणि पत्ताही असायचा. आता पैसे येतात, सोबत फक्त नाव, तेही कधी मुलाचं नाहीतर सुनेचं. फोन करून पत्ता आणि पिनकोड लिहून घ्यावा लागतो. त्या फोनवर मागच्या अंकातली कोणती कथा आवडली, कोणती वाचवली नाही, तेही कळतं. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला 93वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तिथं वर्गणीदार झालेल्या काहींशी अशीच ओळख वाढली. आज ते नव्या लिहिणाऱ्यांची नावं सुचवतात.

काही अंक ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत येतात. त्यांतले बरेच शिक्षकांचे असतात, बदली झालेल्यांचे. जुन्या शाळेत फोन करून नवी शाळा विचारतो आणि तोच अंक नव्या पाकिटातून पाठवतो. बदल्यांचा हंगाम उरकला की पुढचा अंक छापायला देण्याआधी शिक्षक वर्गणीदारांना एकेक फोन करून यादी दुरुस्त करून घेतो.