फडावरून तबकडीवर

मित्रहो, जत्रेतल्या फडावर ढोलकी तुम्ही ऐकलीच असेल. आधी गण, मग गौळण, मग लावणी. आणि फेटे उडाले की तीच ओळ पुन्हा पुन्हा! हे गाणे फड सोडून बाहेर पडले तेव्हा काय झाले, ते आज पाहू.

जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीनेक मिनिटे मावत. तेव्हा लावणीला अंग आखडून घ्यावे लागले. पुढे सिनेमाने तिला घरोघर नेले. १९५९ सालचा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. त्यातली ‘बुगडी’ची लावणी गायली आशा भोसले यांनी. चाल फडाच्या वळणाची. फडावरची बाई मात्र फडावरच राहिली.

अमेरिकेत त्याच सुमारास निराळे घडले. टेनेसी प्रांतात वाटेकऱ्याच्या घरी कापूस वेचत वाढलेला कार्ल पर्किन्स १९५६ साली आपल्याच आवाजात शहरी तरुणांपर्यंत पोचला. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे यांचा रांगडा गळा असाच ध्वनिमुद्रिकांवरून गावोगाव गेला. पण वाईच्या यमुनाबाई वाईकरांसारख्या लावणीसम्राज्ञीला पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, नव्वदी उलटल्यावर.

म्हणून गुरुजनहो, एक विनंती. मुलांकडून गावची गाणी जरूर लिहून घ्या. पण प्रत्येक गाण्याखाली गाणारीचे नावही लिहायला सांगा. गाणे तर कुणीतरी उचलीलच हो. नाव आपण जपले तरच राहील.