उलट्या भिंगाद्वारे निकट छायाचित्रण : तत्त्व, पद्धती आणि महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग

गोषवारा

कॅमेऱ्याचे नेहमीचे भिंग उलटे बसविल्यास लहान वस्तूंची मूळ आकाराइतकी किंवा त्याहून मोठी प्रतिमा मिळते. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील प्रकाशशास्त्रीय तत्त्व, साधनांची जुळणी, तिच्या मर्यादा आणि विविध विषयांच्या अध्यापनातील तिचे स्थान यांचे विवेचन केले आहे. अल्प खर्चात मोजमापासह विश्वसनीय दृश्य नोंद करता येणे, हे या पद्धतीचे प्रमुख महत्त्व होय.

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, इतिहास आणि वस्त्रशास्त्र या विषयांत एक अडचण समान आहे. अभ्यासाची वस्तू वर्गातील सर्व विद्यार्थ्यांना एकाच वेळी दिसत नाही. मावा ही कीड साधारणपणे एक ते तीन मिलिमीटर लांबीची असते. गवताच्या कणिशकातील तुसे, झेंडूच्या बिंबपुष्पकातील पुंकेसर किंवा जुन्या नाण्यावरील झिजलेले अक्षर ही सर्व याच मापाच्या आसपासची उदाहरणे आहेत. साध्या डोळ्यास त्यांतील तपशील पुरेसा दिसत नाही आणि संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण वस्तू मावत नाही. या दोहोंमधील क्षेत्र निकट छायाचित्रणाचे आहे.

या कामासाठी खास मॅक्रो भिंगे मिळतात. परंतु त्यांची किंमत अनेक विभागांच्या वार्षिक तरतुदीत बसत नाही. परिणामी अध्यापन पाठ्यपुस्तकातील आकृत्यांवर किंवा परदेशी संकेतस्थळांवरील चित्रांवर विसंबून राहते, आणि महाविद्यालयाच्या परिसरातील नमुने अनोंदितच राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याविषयी २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ते बंद करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर बाह्यरचनेच्या उत्तम छायाचित्रांची गरज अधिकच वाढली आहे. अशा स्थितीत विभागाकडे असलेल्याच कॅमेऱ्याचा व भिंगाचा उपयोग करून घेणारी ही पद्धत विचारात घेण्यासारखी आहे.

प्रकाशशास्त्रीय तत्त्व

कॅमेऱ्याचे सामान्य भिंग दूरच्या वस्तूंसाठी रचलेले असते. वस्तू काही मीटर अंतरावर आणि प्रतिमा काही सेंटिमीटर अंतरावर, अशी ही विषम मांडणी होय. गोलीय विपथन, प्रतिमाक्षेत्राची वक्रता इत्यादी दोषांचे निवारण याच मांडणीसाठी केलेले असते. वस्तूपेक्षा प्रतिमा मोठी हवी असेल, तर मात्र मांडणी नेमकी उलट होते : वस्तू भिंगाजवळ आणि प्रतिमा दूर. भिंग सरळ ठेवून हे काम करून घेतल्यास दोषनिवारण बिघडते व प्रतिमेच्या कडा मवाळ होतात.

प्रकाशाचा मार्ग प्रत्यावर्ती असतो, म्हणजे किरण ज्या मार्गाने गेला त्याच मार्गाने तो परत येऊ शकतो. म्हणून भिंग उलटे केल्यास त्याची मागील बाजू जवळच्या वस्तूकडे आणि पुढील बाजू दूरच्या प्रतिमेकडे येते. भिंग ज्या मांडणीसाठी रचले गेले, तीच मांडणी त्याला पुन्हा लाभते. उलट्या भिंगाची प्रतिमा सुस्पष्ट येण्याचे हे मुख्य कारण होय.

दुसरा लाभ कार्य-अंतराचा आहे. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात भिंग व संवेदक यांच्यामध्ये आरसा असतो. त्यामुळे भिंगाची बैठक संवेदकापासून बरीच दूर ठेवावी लागते. १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफ बैठकीत हे अंतर ४६.५ मि.मी., तर १९८७ मध्ये आलेल्या कॅनन ईएफ बैठकीत ४४ मि.मी. आहे. २८ मि.मी. नाभीय अंतराच्या विस्तृतदर्शी भिंगालाही एवढ्या लांबून प्रतिमा पाडावी लागते. त्यासाठी पुढे अपसारी व मागे अभिसारी भिंगगट अशी रचना करण्यात येते. फ्रान्समधील पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये अशा रचनेचे ३५ मि.मी. भिंग ‘रेट्रोफोकस’ या नावाने बाजारात आणले होते.

असे भिंग अनंतावर जुळवून उलटे केले, की त्याचा वस्तूकडील नाभिबिंदू बैठकीच्या कडीपासून ४६.५ मि.मी. अंतरावर येतो. न्यूटनच्या सूत्रानुसार वस्तूचे नाभिबिंदूपासूनचे अंतर म्हणजे नाभीय अंतर भागिले विशालन. २८ मि.मी. भिंगाने दुप्पट विशालन घेतल्यास हे अंतर १४ मि.मी. भरते, म्हणजे वस्तू कडीपासून ६०.५ मि.मी. अंतरावर राहते. ५० मि.मी. भिंगाने मूळ आकाराइतकी प्रतिमा घेतल्यास वस्तू ९६.५ मि.मी. अंतरावर येते. विशालन कितीही वाढविले, तरी वस्तू कडीपासून ४६.५ मि.मी.च्या आत येत नाही. तेच २८ मि.मी. भिंग सरळ ठेवून मागे नळ्या जोडल्या, तर दुप्पट विशालनास वस्तू भिंगाला जवळजवळ टेकते व प्रकाश पडण्यास जागाच उरत नाही. उलट्या भिंगाचा व्यावहारिक फायदा या तुलनेतून स्पष्ट होतो.

साधनांची जुळणी

भिंग उलटे बसविण्यासाठी रिव्हर्स रिंग नावाची धातूची कडी लागते. तिच्या एका बाजूस कॅमेऱ्याची बैठक व दुसऱ्या बाजूस फिल्टरचे आटे असतात. भिंगाच्या पुढील फिल्टर-आट्यांचा व्यास भिंगावर लिहिलेला असतो; ५० मि.मी.च्या अनेक भिंगांवर तो ५२ मि.मी. आढळतो. त्याच मापाची साधी कडी काही शेकडा रुपयांत मिळू शकते.

नाभीय अंतर जितके कमी, तितके उलट्या भिंगाचे विशालन अधिक, हा नियम येथे लक्षात ठेवावा. ५० मि.मी. भिंगाने सुमारे एकपट व २८ मि.मी. भिंगाने सुमारे दुप्पट प्रतिमा मिळते. १८-५५ मि.मी. झूम भिंग उलटे बसविल्यास ५५ वर कमी व १८ वर अधिक विशालन मिळते.

दुसरी पद्धत दोन भिंगांच्या जोडणीची आहे. कॅमेऱ्यावर लांब नाभीय अंतराचे भिंग सरळ बसवून त्याच्या पुढे लहान नाभीय अंतराचे भिंग उलटे जोडले जाते. दोन्ही भिंगे अनंतावर जुळविल्यास विशालन हे दोहोंच्या नाभीय अंतरांच्या गुणोत्तराएवढे असते. २०० मि.मी. भिंगापुढे ५० मि.मी. भिंग उलटे जोडल्यास चौपट प्रतिमा मिळते.

ॲपर्चरचे नियंत्रण हा या जुळणीतील अवघड भाग आहे. भिंग उलटे होताच कॅमेऱ्याशी असलेला त्याचा यांत्रिक व विद्युत संबंध तुटतो. ज्या जुन्या भिंगांवर ॲपर्चरची कडी असते, ती या कामास सर्वांत सोयीची होत. निकॉनच्या कडीविरहित जी प्रकारातील भिंगांचे ॲपर्चर कॅमेऱ्यावरून काढताच लहान होते. मागील लहान दांडी सरकवून ते उघडे ठेवता येते. कॅनन ईएफ भिंगाचे ॲपर्चर विद्युतनियंत्रित असते. भिंग सरळ बसवून हवे ते ॲपर्चर निवडावे, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचे बटण दाबून ठेवावे आणि त्याच अवस्थेत भिंग काढावे. ते ॲपर्चर तसेच राहते.

आरसाविरहित कॅमेऱ्यांत बैठक व संवेदक यांतील अंतर कमी असते. निकॉन झेड बैठकीत ते १६ मि.मी. आहे. त्यावर जुने भिंग उलटे लावताना मध्ये योग्य लांबीचे अडॅप्टर बसविल्यास वरीलप्रमाणेच विशालन मिळते.

स्पष्टतेची खोली आणि विवर्तन

निकट छायाचित्रणातील खरी कसोटी स्पष्टतेच्या खोलीची असते. संवेदकावरील मान्य अस्पष्टता ०.०२ मि.मी. धरल्यास एफ/८ ॲपर्चरला एकपट विशालनात ही खोली सुमारे ०.६४ मि.मी., तर दुप्पट विशालनात केवळ ०.२४ मि.मी. येते. माशीचा एक डोळा स्पष्ट असताना दुसरा अस्पष्ट दिसतो, तो यामुळेच.

ॲपर्चर आणखी लहान केल्यास खोली वाढेल, हे खरे. परंतु तेथे विवर्तन आडवे येते. सममितीय भिंगात प्रभावी एफ-संख्या ही लिहिलेली संख्या गुणिले विशालन अधिक एक इतकी होते. दुप्पट विशालनात एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/२४ ठरते व संवेदकावर पोहोचणारा प्रकाश एकनवमांश होतो. हिरव्या प्रकाशात यावेळी बिंदूची विवर्तनचकती सुमारे ०.०३२ मि.मी. व्यासाची होते, म्हणजे मान्य अस्पष्टतेहून मोठी. एफ/१६ वर ती ०.०६४ मि.मी. होऊन संपूर्ण चित्र मवाळ दिसू लागते. म्हणून दुप्पट विशालनापर्यंत एफ/५.६ ते एफ/८ ही मर्यादा पाळणे इष्ट असते.

अधिक खोली हवी असल्यास वस्तू किंवा कॅमेरा थोडा थोडा सरकवीत अनेक छायाचित्रे घ्यावीत व संगणकावर त्यांतील स्पष्ट भाग एकत्र करावेत. प्रत्येक टप्पा स्पष्टतेच्या खोलीपेक्षा लहान असावा लागतो, ०.२४ मि.मी. खोली असताना सुमारे ०.१५ मि.मी.चे टप्पे योग्य ठरतात. ही रीत अर्थातच स्थिर नमुन्यांनाच लागू पडते.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

उलट्या भिंगात केंद्रीकरण भिंगाची कडी फिरवून होत नाही. कॅमेरा व वस्तू यांतील अंतर बदलूनच ते साधावे लागते. कॅमेरा स्टँडवर स्थिर ठेवून नमुना पुढेमागे सरकविणे सोपे जाते. हादरा टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर वापरावा. कॅमेरा मॅन्युअल पद्धतीवर ठेवून एक्स्पोजर चाचणी छायाचित्रांवरून निश्चित करावे, कारण विस्तृतदर्शी भिंगांत वरील सूत्रापेक्षा काहीसा फरक पडतो.

सजीव कीटकांसाठी फ्लॅश उपयुक्त ठरतो. कमी शक्तीवर त्याचा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी काळ टिकतो व हालचाल गोठविली जाते. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर धरल्यास प्रकाश पसरतो आणि चकाकणाऱ्या कवचावरील पांढरे डाग कमी होतात. नाण्याचा उठाव दाखविण्यासाठी मात्र एकाच बाजूने, तिरका व कमी उंचीवरून प्रकाश द्यावा.

उलट्या भिंगाचा मागील काचभाग उघडा पडतो. धूळ, परागकण व बोटांचे ठसे यांपासून त्यास जपावे. जड झूम भिंगाचा सर्व भार फिल्टरच्या बारीक आट्यांवर येतो. म्हणून हलके भिंग निवडणे श्रेयस्कर.

मोजपट्टीचे महत्त्व

शैक्षणिक व संशोधनात्मक नोंदीत मापाविना छायाचित्र अपुरे होय. त्याच जुळणीत, त्याच ॲपर्चरवर मिलिमीटरच्या खुणांची पट्टी छायाचित्रित करावी. २३.६ मि.मी. रुंदीच्या संवेदकावर पट्टीचे ११.८ मि.मी. दिसत असल्यास विशालन दोनपट आहे, असे सिद्ध होते. चित्रावर मोजरेषा, नमुन्याचे नाव, स्थळ, दिनांक आणि भिंगाची जुळणी नोंदविल्यास ते छायाचित्र केवळ शोभेचे न राहता पुरावा म्हणून उपयोगी पडते. पुढे अन्य अभ्यासकास तीच नोंद पडताळून पाहता येते.

विविध विषयांतील उपयोग

वनस्पतिशास्त्रात पुष्पकांची रचना, शेवाळी वनस्पतींची बीजाणुधानी आणि पानांवरील लव यांच्या नोंदी करता येतात. प्राणिशास्त्रात व कृषिविषयक अभ्यासात मावा, तुडतुडे व पिठ्या ढेकूण या किडींच्या अवस्था नमुना न मारता दाखविता येतात. दख्खनच्या बसाल्टातील पोकळ्यांत आढळणारे स्टिल्बाइट व अपोफिलाइट यांचे लहान स्फटिक भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या पृष्ठांसह दाखविणे शक्य होते. इतिहास विभागास शिवराई नाण्यांवरील अक्षरवळण, तर वस्त्रशास्त्रास पैठणीच्या विणीतील जर व रेशीम यांचे नाते या पद्धतीने अभ्यासता येते.

भौतिकशास्त्रात तर ही जुळणी स्वतःच एक प्रात्यक्षिक आहे. न्यूटनचे सूत्र, प्रत्यावर्तिता व विवर्तन ही तिन्ही एकाच मांडणीत पडताळता येतात. हेच तत्त्व मोबाइल फोनलाही लागू पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१४ मध्ये मोबाइल कॅमेऱ्यापुढे तशाच दुसऱ्या मोबाइलचे भिंग उलटे बसवून अल्पखर्ची सूक्ष्मदर्शनाची पद्धत प्रसिद्ध केली. दोन्ही भिंगांचे नाभीय अंतर समान असल्याने तेथे संवेदकावरील विशालन सुमारे एकपट असते. तथापि संवेदकाचे घटक अतिशय सूक्ष्म असल्यामुळे तपशील भरपूर मिळतो.

समारोप

उलटे भिंग हे मॅक्रो भिंगास सर्वस्वी पर्याय नाही. त्यात स्वयंचलित केंद्रीकरण नसते, ॲपर्चर हाताने सांभाळावे लागते, विशालन बदलण्यास फारसा वाव नसतो आणि दूरची वस्तू तर टिपताच येत नाही. शिवाय काही आधुनिक भिंगे उलटी केल्यावर अपेक्षित गुणवत्ता देत नाहीत. तथापि स्थिर नमुन्यांच्या मोजमापयुक्त नोंदीसाठी या मर्यादा फारशा बाधक ठरत नाहीत. विभागातील कपाटात पडून असलेले जुने ५० किंवा २८ मि.मी. भिंग आणि एक साधी कडी एवढ्यावर परिसरातील वनस्पती, कीटक, खनिजे व नाणी यांचा स्वतःचा चित्रसंग्रह महाविद्यालयास उभा करता येतो. तो विद्यार्थ्यांच्याच हातून उभा राहिल्यास निरीक्षण, मापन व नोंद या तिन्ही सवयी त्यांच्या अंगी बाणतील, आणि अध्यापनातील परावलंबन काही अंशी तरी कमी होईल.