केबल निघाली, हे बोर्डाला कळतं कसं?

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका.)

[००:००] प्रश्न काय आहे

दौंड तालुक्यातल्या एका श्रोत्यानं विचारलंय: "दादा, विहिरीवर लॉगर बसवलाय. मोटर कधी चालू झाली, किती वेळ चालली, हे तो लिहून ठेवतो. ओटीजी केबलनं मोबाईल जोडला की फाईल दिसते. पण केबल काढली की पुढची नोंदच होत नाही. बंद करून चालू केला तरच परत सुरू होतो. असं का?"

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात ही नोंद म्हणजे नुसती हौस नाही. शेतीची थ्री-फेज वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री उसाच्या कडेनं मोटरीकडे जायचं म्हणजे बिबट्याची धास्ती. वीज किती तास होती हे सकाळी फाईलमध्ये दिसलं, तर रात्रीची एखादी फेरी वाचते. आणि नेमकी त्याच रात्रीची नोंद नसेल, तर लॉगर असून नसल्यासारखा.

[०१:१०] घोळ कुठे होतो

साध्या यूएसबी २.० केबलमध्ये मुख्य तारा चार. एक ५ व्होल्टची, तिला व्हीबस म्हणतात. एक ग्राउंड. आणि दोन डेटाच्या. कीबोर्ड किंवा माऊसचा जीवच व्हीबसवर असतो. केबल काढली की तो मेला, प्रश्न मिटला.

लॉगरचं तसं नाही. त्याला स्वतःची बॅटरी आहे. केबल काढली तरी तो जागाच. मग केबल निघाली हे त्याला सांगणार कोण? डेटाच्या तारा? त्या केबल निघाल्यावर गप्प होतात, आणि मोबाईल डुलकी घेतो तेव्हाही गप्पच असतात. लॉगरच्या बाजूनं दोन्ही शांतता सारख्याच. मोबाईलकडे फाईल उघडी असताना लॉगर त्यात लिहीत नाही, कारण एका वहीत दोघांनी एकदम लिहिलं तर वही खराब होते. म्हणून तो बिचारा वाट बघत बसतो, आणि तुम्ही तर केबल घेऊन घरी पोचलेले!

खरं सांगणारी तार एकच: व्हीबस. यूएसबीचा नियमही सांगतो की व्हीबस नसेल तेव्हा डिव्हाइसनं डेटाच्या तारेवर पुल-अपमधून करंट सोडायचा नाही. म्हणजे स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूनं व्हीबसवर नजर ठेवलीच पाहिजे.

[०२:३०] जोडायचं कसं

व्हीबस ५ व्होल्टचा, आणि आपल्या बहुतेक प्रोसेसरच्या पिना ३.३ व्होल्टच्या. थेट जोडलं तर पिन जायची भीती. म्हणून दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर लावायचा: व्हीबसपासून पिनपर्यंत १० किलोओम, पिनपासून ग्राउंडपर्यंत १५ किलोओम. ५ व्होल्टचे पिनवर ३ होतात. व्हीबस ५.५ पर्यंत चढला तर ३.३. आणि ४.४ पर्यंत पडला तरी २.६४, म्हणजे पिन "केबल आहे" असंच वाचते. केबल निघाली की खालचा रेझिस्टर पिनला शून्यावर ओढतो. यात ०.२ मिलिअँपिअर करंट जातो, तोही मोबाईलकडून. आपल्या बॅटरीला झळ नाही.

रास्पबेरी पाय पिकोवर हे काम आधीच केलेलं आहे: ५.६ आणि १० किलोओमचा डिव्हायडर थेट जीपीआयओ २४ वर. पिको डब्ल्यूवर मात्र तीच खूण वायफाय चिपच्या पिनवर गेली आहे, तेव्हा जुना कोड तसाच चालणार नाही. एनआरएफ ५२८४० या चिपला तर व्हीबसची वेगळी पिनच आहे. ५ व्होल्ट थेट तिथे द्यायचे, डिव्हायडर नको.

[०३:५०] चार ठिकाणी सांभाळा

एक, पिनचा आतला पुल-अप, पुल-डाउन बंद ठेवा. मोठे रेझिस्टर लावले असतील तर ते सगळा हिशेब बिघडवतात. १०० आणि १५० किलोओमच्या डिव्हायडरला आतला ४५ किलोओमचा पुल-डाउन लागला, की ३ व्होल्टचे साधारण १.३ होतात. केबल असून पिन "नाही" म्हणते.

दोन, व्हीबसवरचा कपॅसिटर. १० मायक्रोफॅरडचा असेल आणि रेझिस्टर मोठे असतील, तर केबल काढल्यावरही पिन दोन-तीन सेकंद "आहे" म्हणत राहते. १० आणि १५ किलोओम घेतले ते यासाठीच.

तीन, डायोड. बॅटरीचा करंट उलटा व्हीबसवर आला, तर पिनला कायम केबल दिसणार, आणि मोबाईलच्या पोर्टलाही धोका. व्हीबस आणि बोर्डाचा सप्लाय यांच्यामध्ये डायोड हवा, आणि डिव्हायडर डायोडच्या केबलकडच्या बाजूला.

चार, टाइप-सी. बोर्डावर सी पोर्ट असेल तर सीसी १ आणि सीसी २ या दोन्ही पिनांपासून ग्राउंडला एकेक ५.१ किलोओम लागतो. तो नसेल तर सी-टू-सी केबलमधून मोबाईल व्हीबस देतच नाही. मग शोधणार काय?

[०५:००] कोडमध्ये काय करायचं

पिनवर इंटरप्ट लावा. बदल दिसला की लगेच विश्वास ठेवू नका. केबल घुसताना संपर्क थरथरतो, म्हणून ५० मिलिसेकंद थांबून परत वाचा. पिन वर असेल तर नोंद थांबवा, फाईल मोबाईलला द्या. खाली असेल तर यूएसबी बंद करा, फाईल परत ताब्यात घ्या, लिहायला लागा. झोपेत असलेल्या लॉगरला जागं करायलाही हीच पिन वापरता येते. फक्त तुमच्या चिपची कोणती पिन झोपेतून उठवते ते डेटाशीटमध्ये बघून मगच तार जोडा.

तर दौंडच्या मित्रा, तुझ्या लॉगरला दोन रेझिस्टर आणि कोडच्या दहा-बारा ओळी हव्यात. शेतात बसवायच्या आधी घरी टेबलावर वीस वेळा केबल लाव आणि काढ. प्रत्येक वेळी नोंद परत सुरू झाली, तरच डबी विहिरीवर न्यायची.

तुमचेही प्रश्न पाठवा, मंडळी. भेटू पुढच्या भागात!