रोजच्या वापरासाठी ऑल-टेरेन टायर : निवड कशी करावी?

एसयूव्ही घेतल्यावर अनेक जण आधी टायर बदलतात. ते रुबाबदार दिसतात हे खरे, पण अभियंत्याने आधी विचारावे : गाडी चालते कुठे?

१. रचना
ऑल-टेरेन (ए/टी) टायर हा डांबरी रस्त्याचा एच/टी आणि चिखलाचा एम/टी यांच्या मधला प्रकार. याच्या ट्रेडचे ठोकळे मोठे, तर खाचा रुंद व खोल असतात. त्यामुळे खडी-मातीत पकड मिळते आणि खाचांत अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो.

२. डांबरी रस्त्यावरील परिणाम
रुंद खाचा म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर कमी. उंच ठोकळे ब्रेक लावताना वाकतात, आवाज करतात. रोलिंग रेझिस्टन्स वाढून इंधन जास्त लागते. साचलेले पाणी खाचांतून निघून जाते. पण नुसत्या ओल्या डांबरावरची पकड रबराच्या मिश्रणावर आणि ठोकळ्यांवरील बारीक चिरांवर अवलंबून असते.

३. उदाहरण
ब्रेक लावल्यापासूनचे अंतर = वेगाचा वरग ÷ (२ × घर्षणगुणांक × गुरुत्वत्वरण)

वेग ८० किमी/तास, म्हणजे २२.२ मी/से. ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणगुणांक ०.६ व दुसऱ्याचा ०.५ मानू. अंतरे अनुक्रमे सुमारे ४२ मी. आणि ५० मी. येतात. हा ८ मीटरचा फरक म्हणजे दोन छोट्या मोटारींची लांबी. पुढचा ट्रक अचानक थांबला, तर धडक बसणे किंवा वाचणे एवढ्यावरच ठरते.

४. निवडीचे निकष
• बहुतेक प्रवास डांबरावर असेल तर एच/टी पुरेसा. शेताचा, खाणीचा किंवा घाटातला कच्चा रस्ता रोजचा असेल तर ए/टी योग्य.
• ए/टी घेताना ठोकळे जवळजवळ आणि चिरा भरपूर असलेला निवडावा.
• आकार कंपनीने दिलेलाच ठेवावा. लोड इंडेक्स व वेगचिन्ह मूळ टायरपेक्षा कमी नको. उदा. १०० लोड इंडेक्स म्हणजे प्रति टायर ८०० किलो.
• खाचांची खोली १.६ मिमीवर येण्याआधीच टायर बदलावा.

स्वाध्याय : २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टायर बसवला. मूळ टायरवर स्पीडोमीटर अचूक होता असे माना. आता काटा ८० दाखवत असताना खरा वेग किती? (उत्तर : सुमारे ८३.४ किमी/तास)